हजला निघताना कोणते ओझे उतरवावे?



हज समितीच्या यादीत नाव लागले की घरात पहिली चर्चा सुरू होते ती सामानाची. बॅगा किती न्याव्यात, वजन किती चालते, तांदूळ येथून न्यावेत की तेथे घ्यावेत, लोणच्याची बरणी विमानात फुटणार तर नाही ना? निर्मळ, सोपारा, वसई या आमच्या पट्ट्यातील मंडळींना तर सुक्या बोंबलांचा आणि सुकेळ्यांचा मोह आवरत नाही. सुमारे चाळीस दिवसांचा प्रवास, परका मुलूख, म्हातारे आईवडील बरोबर. चिंता वाटणे स्वाभाविक आहे. इस्लामने या चिंतेची थट्टा केलेली नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे.

काही लोकांना वाटते की ईश्वराच्या घरी निघालेल्या माणसाने रिकाम्या हाताने निघणे हीच खरी श्रद्धा. हा विचार नवा नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे कथन सहीह बुखारीत आले आहे की, यमनचे काही लोक हजला शिधा न घेता येत असत आणि आम्ही तर अल्लाहवर भरवसा ठेवणारे लोक, असे म्हणत असत. मक्केला पोहोचले की हेच लोक दुसऱ्यांपुढे हात पसरत. या प्रसंगी सूरह बकराच्या १९७ व्या आयतीतील आज्ञा अवतरली. तिचा आशय असा की शिधा बरोबर घ्या, आणि सर्वांत उत्तम शिधा तक्वा अर्थात ईशपरायणता होय. दोन्ही गोष्टी एकाच आयतीत सांगितल्या आहेत. तक्व्याचे नाव घेऊन भाकरीची जबाबदारी दुसऱ्यावर टाकणे, याला कुरआनने तवक्कुल मानलेले नाही.

मुंबई बंदराचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यमनच्या त्या लोकांची आठवण पुन्हा होईल. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, आगबोटी वाढल्या, आणि हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून गोरगरीब हाजी मुंबईला येऊ लागले. कित्येकांजवळ जाण्यापुरतेच पैसे असत. हज उरकल्यावर ते जिद्दाच्या किनाऱ्यावर उपाशीतापाशी अडकून पडत. इंग्रज सरकारने १८८६ मध्ये यात्रेची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवून पाहिली. पुढे १९२५ च्या कायद्याने परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत रक्कम आवश्यक केली. या बंधनाविरुद्ध तेव्हा बरीच ओरड झाली. परक्या सरकारने आपल्या इबादतीत हात घालावा, हे कोणाला रुचेल? तरीही परतीची सोय करून निघावे हा विचार मूळचा आपल्याच धर्मशास्त्राचा आहे. हजसाठी जी ऐपत आवश्यक आहे, तिच्यात जाण्यायेण्याचा खर्च आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचा तोवरचा निर्वाह हे दोन्ही फुकहांनी धरलेले आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीने मुंबईच्या मुसाफिरखान्यात ट्रंका आणि वळकट्या रचून बोटीची वाट पाहिली. बोटीने हजला जाणे १९९५ मध्ये बंद झाले. ट्रंका गेल्या, चाकांच्या बॅगा आल्या. प्रश्न मात्र तोच राहिला.

तेव्हा लोणचे न्यायचे तर खुशाल न्यावे. औषधे तर न विसरता न्यावीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. परंतु हजचा विधी स्वतःच माणसाच्या हातातून एकेक वस्तू कशी काढून घेतो, तेही पाहावे. इहराम बांधताच पुरुषाच्या अंगावर दोन न शिवलेल्या चादरी उरतात. सुगंध गेला, टोपी गेली, शिवलेला खिसा गेला. मिनाच्या तंबूत अंग टाकण्यापुरती जागा मिळते. अरफातच्या मैदानात दुपारपासून सूर्यास्तापर्यंत उभे राहून मागायचे असते, तेथे बॅगेचा काही उपयोग नाही. मुज्दलिफाची रात्र उघड्या आभाळाखाली. तेथे जे गोळा करायचे ते खडे, आणि तेही फेकून देण्यासाठी! ज्यांनी मोठी बॅग ओढत हे दिवस काढले, त्यांना विचारा. आयुष्यभर साठवलेले सामान त्या पाच दिवसांत ओझे होते, आणि एक चटई, पाण्याची बाटली, वहाणा एवढ्यात भागते.

हजरत सलमान फारसी (रजि.) मदाइनचे राज्यपाल होते. अंतकाळी ते रडू लागले. भेटीस आलेल्या हजरत सअद (रजि.) यांनी कारण विचारले. मरणाच्या भयाने किंवा जगाच्या लोभाने आपण रडत नाही, असे ते म्हणाले; प्रेषितांनी (स.) आमच्याकडून वचन घेतले होते की तुमच्याजवळ स्वाराच्या शिध्याइतकेच असावे, आणि माझ्याभोवती हे सारे साचले आहे. ते सारे म्हणजे काय होते? धुण्याचे एक भांडे, एक वाडगा, अशा किरकोळ चार वस्तू. आमच्या माळ्यावरच्या वस्तू त्यांनी पाहिल्या असत्या तर काय म्हणाले असते, याची कल्पनाच करवत नाही. बिघडलेला मिक्सर, मुलांच्या जुन्या गाद्या, कधी तरी कामाला येईल म्हणून ठेवलेले पत्र्याचे डबे. हजला निघण्यापूर्वी महिनाभर हा माळा रिकामा करावा, चालणाऱ्या वस्तू गरजूंना द्याव्यात. हे सोपे काम आहे आणि मन हलके होते.

निर्मळमध्ये कार्तिकात जत्रा भरते. तळ्याच्या परिसरात दूरदूरचे दुकानदार येऊन छपऱ्या उभारतात आणि सर्व धर्मांचे लोक खरेदीला जातात. त्या दुकानदाराकडे पाहावे. तो भिंत बांधत नाही, फरशी बसवीत नाही. आपण उठणार आहोत हे ठाऊक असल्यामुळे त्याचे सारे सामान दोरीने बांधता येईल असेच असते. हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रेषितांनी (स.) त्यांना या जगात परक्यासारखे किंवा वाटसरूसारखे राहण्यास सांगितले होते. जत्रेतल्या दुकानदाराची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उठण्यापूर्वी तो उधारी मिटवतो. जागेचे भाडे, शेजारच्याकडून घेतलेला कंदील, सगळ्याचा हिशेब पूर्ण केल्याशिवाय त्याला पुढच्या वर्षी कोणी उभे करणार नाही.

येथे मला मूळ मुद्द्याकडे यायचे आहे. आपल्या कोकणी मुसलमानांचा मजहब शाफई. या मजहबचे थोर विद्वान इमाम नववी (मृत्यू १२७७) यांच्या 'मिनहाजुत्तालिबीन' या ग्रंथात बुडणाऱ्या जहाजाचा मसला आला आहे. समुद्रकाठच्या लोकांना तो चटकन समजावा. जहाज बुडण्याची भीती असेल तर सामान समुद्रात टाकणे वैध आहे, आणि माणसांचे प्राण वाचण्याची आशा असेल तर ते टाकणे वाजिब आहे. परंतु लगेच पुढे नियम येतो: जो दुसऱ्याचे सामान त्याच्या परवानगीवाचून टाकील, त्याने भरपाई द्यावी. जहाज हलके करण्याचे पुण्य आपल्या गाठोड्याने मिळवायचे असते.

आता आपल्या घरांकडे पाहू. हजला निघताना कर्जे फेडावीत, अमानती परत कराव्यात, वसियत लिहावी, लोकांची क्षमा मागावी, हे प्रत्येक मौलवी सांगतो आणि लोक ऐकतातही. दुकानदाराचे दोनशे रुपये आठवणीने दिले जातात. दावतीला आलेल्या शंभर माणसांना मिठी मारून माफी मागितली जाते. पण त्याच घराच्या वाडीच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव नसते, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. पूर्वी वसई भागात वाडी म्हणजे केळी, भाजीपाला, फुले. आता तिच्या शेजारी इमारत उभी राहिली आहे आणि गुंठ्याचा भाव ऐकून माणसे दचकतात. मग बहिणीला एके दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले जाते आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. कधी कधी तर हे हजच्या तयारीतच उरकले जाते, जाण्यापूर्वी कागद साफ असावेत म्हणून!

कुरआनचा हिशेब स्वच्छ आहे. सूरह निसाच्या ७ व्या आयतीत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वाटा सांगितला आहे, मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, आणि हा वाटा ठरवून दिलेला आहे असे तेथेच बजावले आहे. समजा, वडील वारले. मागे पत्नी, एक मुलगा व एक मुलगी, आणि २४ गुंठ्यांची वाडी. कर्ज व वसियत फेडून झाल्यावर आईचे ३ गुंठे, मुलाचे १४, मुलीचे ७. एवढे गणित मदरशातील लहान मूलही करील. अडते ते इच्छेपाशी.

भाऊ म्हणतो, तिच्या लग्नात आम्ही खर्च केला. वडिलांनी हयातीत जे दिले ती त्यांची देणगी होती. वारसा त्यांच्या मृत्यूनंतर सुरू होतो, तो त्यातून वजा होत नाही. भाऊ म्हणतो, तिला गरज नाही, नवरा गल्फमध्ये आहे. वारसा ही जकात नव्हे, की गरिबी पाहून द्यावी. भाऊ म्हणतो, तिने स्वतःच सोडले. हे मात्र नीट तपासले पाहिजे. तिने का सोडले? वाटा मागणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते, हे तिने शेजारणीच्या बाबतीत पाहिले आहे. ईदला साडी येणार नाही, बाळंतपणाला कोणी नेणार नाही, आईच्या अंत्यदर्शनालाही उंबऱ्यात परक्यासारखे उभे राहावे लागेल. सात गुंठे एका बाजूला आणि माहेरची वाट दुसऱ्या बाजूला ठेवून तिच्यापुढे कागद सरकवला तर ती सही करील. त्या सहीला खुशी म्हणता येत नाही, आणि खुशीशिवाय घेतलेला माल हलाल होत नाही. जो हक्क तिच्या हाती कधी आलाच नाही, तो सोडण्याचे औदार्य तिच्याकडून कसे मागावे?

इमाम गजाली यांनी १०९५ मध्ये बगदादचे प्राध्यापकपद, मानमरातब सारे सोडले आणि प्रवासास निघाले. संपत्ती वाटून टाकताना मुलाबाळांच्या निर्वाहापुरते त्यांनी राखून ठेवले, असे त्यांनीच लिहिले आहे. आपल्या विरक्तीची किंमत त्यांनी दुसऱ्याकडून वसूल केली नाही. आणि प्रेषितांच्या (स.) हिजरतीची ती रात्र? ज्या लोकांनी त्यांचा जीव घेण्याचा बेत केला, त्यांच्याच अमानती घरात होत्या. त्या परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले. शत्रूची ठेव इतकी पवित्र, तर एका आईच्या पोटी जन्मलेल्या बहिणीची ठेव काय हलकी?

हजने पापे धुतली जातात ही शुभवार्ता खरी आहे. पण माणसांचे हक्क त्या पाण्याने धुतले जात नाहीत. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार शहीदालाही सर्व काही माफ होते, कर्ज सोडून. बहिणीचा वाटा दाबून हज केला तर फर्ज उतरेल. हक्क गळ्यातच राहील. गळ्यात हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात थरांची जमीन अडकवली जाईल, असे बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. ही हदीस सांगणारे सहाबी हजरत सईद बिन जैद (रजि.). एका स्त्रीने त्यांच्यावर जमीन बळकावल्याचा दावा केला. दावा खोटा होता, तरीही घेऊ द्या तिला, असे म्हणून त्यांनी जमीन सोडून दिली. ज्यांना हयातीतच जन्नतची शुभवार्ता मिळालेली होती, ते त्या ओझ्याला इतके भीत होते. विमानतळावरच्या काट्याला आपण भितो. पाच किलो जास्त भरले तर बॅग उघडून सगळ्यांदेखत उपसतो.

म्हणून ज्यांचे नाव यंदाच्या यादीत आहे, त्यांनी बॅगेआधी कपाटातील कागद बाहेर काढावेत. वारस नोंदीत सर्वांची नावे आली आहेत की नाहीत, पाहावे. आली नसतील तर तलाठ्याकडे अर्ज द्यावा. फेरफाराच्या नोटिशीची मुदतच १५ दिवसांची असते, तेव्हा उड्डाणाच्या आठवड्यात धावपळ करून भागणार नाही. हक्कसोडपत्र झाले असेल तर बहिणीच्या घरी जावे, तिच्या नवऱ्यादेखत नव्हे, चारचौघांतही नव्हे, आणि हिशेब पुन्हा मांडावा. वाडी विकली असेल तर तिच्या वाट्याची रक्कम द्यावी. एकदम जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर लिहून हप्ते बांधावेत आणि ते वसियतीत नोंदवावे, म्हणजे प्रवासात काही बरेवाईट झाले तर मुलांना टाळाटाळ करता येणार नाही. वाटा तिच्या ताब्यात आल्यानंतर, कोणी न सुचवता, तिने त्यातले काही परत दिले तर ती तिची देणगी; आनंदाने घ्यावी. आणि तिने एक गुंठाही परत दिला नाही, तरी ईदची साडी नेहमीसारखी जावी.