मान की मेजवानी?



एके काळी सुट्टी लागली की आईवडील मुलांना घेऊन आजोळी जात असत. आता काळ उलटला आहे. मुले नोकरीनिमित्त पुणे, हैदराबाद, बेंगळुरू अशा शहरांत स्थिरावली आहेत आणि सुट्टीत तीच थकलेल्या आईवडिलांना लांबच्या प्रवासाला नेतात. उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात त्या सहलीची छायाचित्रे हातोहात फिरतात. लोक म्हणतात, ‘‘मुलगा असावा तर असा!’’ ह्या कौतुकात वावगे काही नाही. ज्यांनी जन्मभर फाटके शिवून वापरले, त्यांना उतारवयात समुद्र दिसावा, विमानात बसायला मिळावे, ह्यासारखी आनंदाची गोष्ट कोणती? तरीही एक प्रश्न मला काही दिवसांपासून स्वस्थ बसू देत नाही. आईवडिलांना सुख देणे आणि आईवडिलांचा मान राखणे, ह्या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो अंदमानात सापडला. म्हणून आधी तेथील हकिगत सांगतो.

मी गेली वीस वर्षे बेंगळुरूत राहतो. आईवडील नगरला, म्हणजे ज्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे तेथे, जुन्या घरात राहतात. वडिलांनी शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवले, आईने रुग्णालयात परिचारिका म्हणून. गेल्या जानेवारीत मी त्या दोघांना बेंगळुरूला आणले आणि आम्ही सारे पाच दिवसांसाठी अंदमानला गेलो.

अंदमान-निकोबार म्हणजे समुद्रात बुडालेल्या एका पर्वतरांगेची वर राहिलेली शिखरे. ब्रह्मदेशातील आराकान पर्वताचीच ती रांग दक्षिणेकडे समुद्रात शिरते आणि पाचशेहून अधिक बेटांच्या रूपाने पुन्हा डोके वर काढते. बेंगळुरू आणि पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे जानेवारीत शाल लागते. येथे पहाटेही अंगाला घाम. पण त्याहून मोठे नवल आहे ते संध्याकाळचे. रेखांशात सुमारे १५ अंशांचे अंतर, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने एक तासाचा फरक. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. त्यामुळे आमच्या मनगटावर सव्वापाच वाजले असताना तेथे सूर्य बुडत होता. माझी आखणी बेंगळुरूच्या संध्याकाळप्रमाणे केलेली होती. ‘‘अजून सहासुद्धा वाजले नाहीत, आणखी एक ठिकाण होईल,’’ असे मी म्हणत होतो आणि आई हळूच म्हणत होती, ‘‘अरे, पण अंधार पडला ना.’’

वाचकहो, त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. एकाच घरात, एकाच घड्याळाखाली राहूनही आईवडिलांची संध्याकाळ आपल्या आधी होत असते.

पाचही दिवसांचे वेळापत्रक मी कागदावर उतरवून आणले होते. सेल्युलर जेल झाले. १८९६ ते १९०६ ह्या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीनच आज उभ्या आहेत. सावरकर बंधूंच्या आठवणीने महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस तेथे घटकाभर गप्प होतो, तसे वडीलही झाले. समुद्रकिनारा झाला. आईने लुगड्याचा काठ दोन बोटे वर धरून पाण्यात पाय घातला आणि लहान मुलीसारखी हसली. तो क्षण मी आयुष्यभर विसरणार नाही. एवढ्यावरच हकिगत संपती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

पण खरे सांगायचे तर माझ्या मनात दुसरेच काही होते. नगरचे घर विकावे आणि त्या दोघांना कायमचे बेंगळुरूला आणावे, असे मी ठरवले होते. पत्नीशी बोललो होतो, धाकट्या बहिणीशी बोललो होतो, घराला गिऱ्हाईकही पाहून ठेवले होते. ज्यांचे घर त्यांनाच तेवढे विचारायचे राहिले होते! ही गोष्ट सहलीत, सगळे आनंदात असताना काढावी, म्हणजे ‘नाही’ म्हणणे त्यांना जड जाईल, असा माझा हिशेब होता.

चौथ्या दिवशी आम्ही होडीने समोरच्या रॉस बेटावर गेलो. २०१८ पासून त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. इंग्रजांच्या काळी साऱ्या अंदमानचा कारभार येथून चाले. आज तेथे पडक्या इमारती आहेत आणि त्यांत एक प्रेस्बिटेरियन चर्च आहे. छप्पर कधीच गेले आहे. उरलेल्या दगडी भिंतींना झाडांच्या मुळांनी चहूबाजूंनी विळखा घातला आहे. वडील तेथे डोक्यावरची टोपी काढून बराच वेळ उभे राहिले. मला वाटले, हीच वेळ. मी विषय काढला. वैद्यकीय सोयी, नातवंडांचा सहवास, रात्री-अपरात्रीची काळजी, सारे मुद्दे क्रमवार मांडले.

वडिलांनी ऐकून घेतले. मग त्या भिंतीकडे बोट करून म्हणाले, ‘‘बाळ, ही मुळं काढून टाकली तर भिंत मोकळी होईल, का पडेल रे?’’

मी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, ‘‘तू एवढा खर्च केलास तो ह्यासाठी होय?’’ त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

त्या रात्री मला उत्पत्तीच्या २७व्या अध्यायाची आठवण झाली. दृष्टी मंद झालेल्या इसहाकापुढे याकोब त्याच्या आवडीचे रुचकर जेवण घेऊन जातो. जेवण खरे होते, चवही खरी होती. बापाचे पोट त्याने भरले. पण ताट वाढणाऱ्याचे मन ताटात नव्हते, ते आशीर्वादावर होते. आजवर हा अध्याय वाचताना मी याकोबाच्या हातांवरच्या करडांच्या कातड्याचा विचार करीत असे. आता मला त्या ताटाचा विचार करावा लागला. विमानाचे तिकीट, समुद्राकाठची खोली, ताजी मासळी हे माझे ताट होते.

निर्गमाच्या २०व्या अध्यायातील आज्ञा आपणा सर्वांना पाठ आहे. आपल्यापैकी काहींच्या गणनेत ती पाचवी, तर कॅथलिक बांधवांच्या गणनेत चौथी. तिच्यात ‘मान राखणे’ ह्या अर्थी जो इब्री शब्द आला आहे, त्याच्या मुळाशी ‘वजन’ हा अर्थ आहे. आपल्या मराठीतही हा अर्थ जिवंत आहे. ‘त्यांच्या शब्दाला घरात वजन आहे,’ असे आपण म्हणतोच. तेव्हा प्रश्न असा, की आईवडिलांच्या ताटात आपण काय वाढतो, एवढ्यावरच मान मोजायचा, की त्यांच्या शब्दाला आपल्या निर्णयात किती वजन आहे, ह्यावर? फुलासारखे जपलेले, पण ज्यांना कोणी काही विचारत नाही असे आईवडील आज पुष्कळ घरांत आहेत. त्यांना काहीही कमी नसते. फक्त वजन नसते.

ह्या वजनाचा एक प्रत्यक्ष दाखला आपल्याच मंडळीच्या इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंचे सारे बालपण आईवडिलांबरोबरच्या प्रवासात गेले. तो सुट्टीचा प्रवास नव्हता. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई मुलांना घेऊन तीर्थामागून तीर्थ पायी चालत होते. ह्या भ्रमंतीतच लक्ष्मीबाईंनी लेकीला भल्या पहाटे मायेने उठवून संस्कृत शिकवले. पुढे १८७०च्या दशकातील दुष्काळात आधी वडील गेले, मग आई. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. मोठ्या प्रयासाने दोघे जण आले, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्यामुळे त्यांना आपल्या बाजूचा दांडा डोक्यावर घ्यावा लागला. आईचे वजन त्या लेकीने असे अक्षरशः मस्तकी वाहिले. तिने आईला कोणती मेजवानी दिली होती? द्यायला तिच्याजवळ काहीच नव्हते.

आपल्या देशाने २००७ साली आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. मुले पोसत नसतील तर न्यायाधिकरण त्यांना दरमहा रक्कम द्यायला लावू शकते; वृद्धांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. २०११च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेले १० कोटींहून अधिक लोक देशात होते, हे पाहिले म्हणजे अशा कायद्याची गरज पटते. पण कायदा भाकरी देववू शकतो, वजन देववू शकत नाही. प्रभू येशूने मार्कच्या ७व्या अध्यायात परूशी लोकांना दोष दिला तो ‘कुर्बान’ म्हणून आईवडिलांच्या हक्काचे देवाच्या नावावर चढवणाऱ्यांबद्दल. त्यांनी आईवडिलांचे काढून देवाला दिल्याचा देखावा केला. माझ्यासारखे लोक आईवडिलांना देण्याचा देखावा करून त्यांचेच काही काढून घेतात. दोहोंत थोर कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

आता आपण म्हणाल, ‘‘म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी ‘नाही’ म्हटले की मुलांनी हात झटकून मोकळे व्हावे काय? उद्या रात्री न्हाणीघरात कोणी पडले तर?’’ हा आक्षेप खरा आहे आणि तो हलक्याने घेता येणार नाही. योसेफाने आपल्या वृद्ध बापाला मिसरात आणण्यासाठी गाड्या पाठवल्याच ना? दुष्काळ होता, न आणता तर सारे कुटुंब उपाशी मेले असते. जेथे प्राणाशी गाठ आहे, किंवा जेथे मनाचा तोल आणि स्मरण गेलेले आहे, तेथे मुलांना कधी आईवडिलांच्या इच्छेविरुद्धही निर्णय घ्यावा लागेल. पण हे लक्षात असू द्या, की याकोबाने मिसरात जाऊनही आपल्याला पूर्वजांजवळच पुरावे अशी शपथ मागितली आणि योसेफाने ती दिली व पाळली. त्याने बापाला हलवले. बापाच्या शब्दाचे वजन कमी केले नाही.

ह्याच्या जोडीला दुसरी एक कथा ठेवून पाहा. २ शमुवेलच्या १९व्या अध्यायात ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय आहे. दाविदाच्या पडत्या काळात त्याने राजाला अन्न पुरवले होते. राजा कृतज्ञतेने म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझा सांभाळ करीन. त्याहून मोठी मेजवानी कोणती? पण म्हातारा म्हणतो, आता मला अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही; मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरीजवळ मरू दे. दावीद काय करतो? तो वाद घालत नाही, रुसत नाही. त्याचे चुंबन घेतो, त्याला आशीर्वाद देतो आणि घरी जाऊ देतो. ज्या देणगीला ‘नाही’ म्हणता येते, तीच देणगी. ज्या देणगीला ‘नाही’ म्हणता येत नाही तिला आपल्याकडे वेगळे नाव आहे.

मात्र बर्जिल्लयाला जाऊ देणे दाविदाला काही महागात पडले नाही. आपल्याला पडेल, आणि पडायलाच हवे. आईवडिलांचा नकार मान्य करणे आणि त्यांना सोडून देणे ह्यांतला फरक ओळखण्याची माझ्या मते एकच कसोटी आहे. त्यांच्या निर्णयाचा भार कोण उचलतो? त्यांनी ‘नाही’ म्हटल्यावर आपला खर्च, आपली धावपळ, आपली काळजी वाढली, तर आपण त्यांचा मान राखला. त्यांनी ‘नाही’ म्हटल्यावर आपण सुटलो असे वाटले, तर आपण त्यांना सोडले.

नगरचे घर विकले गेले नाही. न्हाणीघरात धरायला कठडे बसवले आहेत. शेजारच्या कुटुंबाकडे एक किल्ली असते. मंडळीतील एक तरुण दररोज सकाळी डोकावून जातो. आणि मी दर महिन्याला एका संध्याकाळी बेंगळुरूहून कर्नाटक एक्सप्रेसमध्ये बसतो व दुसऱ्या दिवशी दुपारी नगरला उतरतो. थकायला होते. रजा पुरत नाहीत. ही व्यवस्था किती वर्षे चालेल, ते देव जाणे. एखादे दिवशी गाड्या पाठवण्याची वेळ येईलही. तेव्हा निदान आधी विचारीन, आणि समुद्राकाठी विचारणार नाही. त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच चहाचा कप हातात घेऊन विचारीन.

म्हणून, वाचकहो, आईवडिलांना सहलीला जरूर न्या. समुद्र दाखवा. आईचे ते हसणे तुमच्याही वाट्याला येवो. पण निघण्यापूर्वी दोन गोष्टी करा. आपल्या पिशवीत तिकिटांखाली दुसरे काही लपवलेले नाही ना, हे एकदा पाहून घ्या. आणि वेळापत्रक करताना हे विसरू नका, की घड्याळ जरी एकच असले, तरी तिकडे संध्याकाळ लवकर होते.