सिमेंटच्या गोणीचा हिशेब

आपण घर बांधावयास काढतो तेव्हा प्रथम हिशेबाची वही उघडतो. रेती किती, सळई किती, गवंड्याची मजुरी किती. पै-पैची नोंद ठेवणे हा दोष नव्हे. मापात सचोटी राखण्याची ताकीद दिव्य कुरआनात वारंवार आली आहे. सूरह मुतफ्फिफीनचा आरंभच मुळी घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना काटा मारणाऱ्या लोकांच्या धिक्काराने होतो. परंतु आपल्या वहीत एक रकाना आपण कधी आखतच नाही. तो म्हणजे या बांधकामासाठी कुठेतरी जळलेल्या इंधनाचा आणि हवेत गेलेल्या धुराचा.

हा धूर मोजता येतो. चुनखडी सुमारे 1450 अंश तापमानास भाजून सिमेंटचा मूळ ऐवज, म्हणजे क्लिंकर, तयार होतो. भट्टीत कोळसा जळतो हे उघडच आहे. पण त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून बाहेर पडतो. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनातील सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वेंकटराम रेड्डी आणि जगदीश या अभ्यासकांनी 2003 साली इमारतीच्या दर चौरस मीटरमागे खर्ची पडणारी ऊर्जा मांडून दाखविली. आरसीसी सांगाड्याच्या बहुमजली इमारतीस 4.21 गिगाज्यूल, भाजक्या विटांच्या दुमजली घरास 2.92, आणि माती-सिमेंटच्या न भाजलेल्या ठोकळ्यांच्या दुमजली घरास केवळ 1.61.

आपल्या घराचा अंदाज आपणही काढू शकतो. पाचशे चौरस फुटांच्या साध्या आरसीसी घरास ठोकताळ्याने दोनशे गोणी सिमेंट आणि दोन टन सळई लागते. त्यांचा धूर दहा ते पंधरा टन भरतो. भारतात माणशी वर्षाला सरासरी दोन टन पडतात. म्हणजे सहा-सात माणसांच्या कुटुंबाचा वर्षभराचा धूर, ते कुटुंब उंबरठा ओलांडण्याआधीच खर्ची पडलेला असतो.

आता डहाणू-तलासरीकडे पाहू. तेथील पाड्यांवर आजही कुडाची घरे दिसतात. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरणाऱ्या कारवीच्या काठ्या, त्यांवर शेणामातीचा लेप आणि लेपावर तांदळाच्या पिठाची वारली चित्रे. धुराच्या मोजमापात हे घर जवळजवळ शून्यात येते. मग शहरातील सुशिक्षित माणूस सहज म्हणून जातो की, या लोकांनी असेच राहावे, हेच खरे पर्यावरणरक्षण!

हे बोल मला अन्यायाचे वाटतात. नोव्हेंबर 2018 पासून याच दोन तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. धुंदलवाडी परिसरातील लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूत काढल्या. ज्याच्या भिंतीला तडा गेला आहे, त्याने मजबूत घराची आस धरली तर त्याच्यापुढे कार्बनचा आकडा नाचविण्याचा अधिकार कोणाला? शिवाय त्या शून्यात दरवर्षी भिंत लिंपणाऱ्या बाईचे श्रम धरलेलेच नसतात.

मोजमापाची सीमा कोण आखतो, यावर बरेच अवलंबून असते. औष्णिक केंद्राची राख मिसळलेले सिमेंट कमी धुराचे मानले जाते. राख टाकाऊ धरतात आणि कोळशाचा सगळा भार विजेच्या खात्यावर टाकतात. एकच धूर दोनदा मोजू नये, म्हणून शास्त्रीयदृष्ट्या ही रीत योग्यच आहे. पण डहाणूत 1995 पासून 500 मेगावॅटचे वीजकेंद्र उभे आहे, आणि तेही 1991 साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झालेल्या तालुक्यात. वीज मुंबईच्या उपनगरांना जाते, धुराडे मात्र चिकूच्या वाड्यांच्या शेजारी. कागदावर हिशेब चोख बसतो, तरीही सौद्यात नसलेल्या माणसाच्या पदरात काहीतरी पडतेच. वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ 30 ऑगस्ट 2024 रोजी झाला. तेथे भराव घालून समुद्रात जमीन तयार करावयाची आहे. त्या भरावाचे टन मोजता येतील. मच्छीमाराचे गेलेले पाणी कोणत्या रकान्यात लिहावे?

मग गरज आणि हव्यास यांत फरक कसा करावा? हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एका अन्सारी सहाबींनी उभारलेला उंच घुमट पाहून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्याकडून मुख फिरविले. कारण कळताच त्या सहाबींनी तो घुमट जमीनदोस्त केला. निकडीपलीकडचे बांधकाम मालकावरच ओझे ठरते, असा त्या कथनाचा आशय आहे. परंतु यावरून पक्के बांधूच नये असे मानणे चुकीचे होईल. मदीनेची मशीद प्रथम कच्च्या विटांची होती, तिचे खांब आणि छत खजुरीचे होते. हजरत उसमान (रजि.) यांच्या काळात नमाजींची संख्या वाढली, तेव्हा तिला घडीव दगडाच्या भिंती आणि सागवानाचे छत आले. गरज खरी होती, म्हणून खर्चही रास्त होता.

तेव्हा जुने घर पाडण्यापूर्वी त्याचा पाया आणि भिंती अजून तग धरतात का, हे एखाद्या जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्यावे. उभ्या भिंतीचा धूर कधीच खर्ची पडून गेलेला असतो. भाजलेली माती आणि चुनखडी मिसळून कमी क्लिंकरमध्ये होणाऱ्या सिमेंटलाही 2023 पासून भारतीय मानक लाभले आहे, त्याची चौकशी करावी. डहाणू-तलासरीत मात्र सळईला हात लावू नये. काटकसर करावयाचीच असेल तर पाहुण्यांसाठी म्हणून काढलेले आणि वर्षातून दोनदा उघडणारे ते दालन नकाशातून वगळावे.