निरोप आणि गुरुऋण

ज्याने अक्षर ओळखावयास शिकविले, ज्याच्या धाकाने आणि मायेने बुद्धीला वळण लागले, त्याच्याकडे पाठ फिरवून ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर दूरदेशी निघून जाणे ही कृतघ्नता आहे की गुरुसेवेचीच परिपूर्ती आहे, हा प्रश्न दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या गावात, कुणी तो उच्चारो वा न उच्चारो, घरोघरी उभा राहतो. निजामाच्या अमदानीत टाकलेल्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील या स्थानकावरून कुणी नांदेडला, कुणी छत्रपती संभाजीनगरला, तर कुणी थेट पुण्या-मुंबईला जातो, आणि वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेचा ध्यास घेतलेली मुले लातूरची वाट धरतात. या जाण्याची चर्चा होते ती फीची, खोलीभाड्याची, मेसच्या डब्याची. आणि ती झालीच पाहिजे, कारण बहुतेक घरांत तो पैसा कापसाच्या आणि सोयाबीनच्या बेभरवशाच्या पिकातून काढावयाचा असतो. परंतु या व्यावहारिक जमाखर्चाखाली एक धर्मविचार दडलेला आहे.

तो शोधण्यासाठी सेलूकराला दूर जावे लागत नाही. दासगणू महाराजांनी आपल्या ‘भक्तलीलामृत’ ग्रंथात साईबाबांच्या गुरूची जी कथा सांगितली आहे, तिचे स्थळ सेलू हेच आहे. वेंकटेशाचे भक्त असलेले तेथील गोपाळराव देशमुख यांनी एका फकिराच्या पोराला पदरी घेतले, जातिधर्माचा विधिनिषेध न बाळगता त्याला वाढविले आणि त्यापायी निकटवर्तीयांचा रोषही ओढवून घेतला. मत्सरी लोकांनी फेकलेल्या विटेने गुरूच घायाळ झाला. आणि आपला काळ जवळ आला असे जाणून त्याने शिष्याला आपले सर्वस्व व ती वीट देऊन जाण्याची आज्ञा केली. सेलूतील केशवराज बाबासाहेब महाराजांच्या मंदिराशी गावाची श्रद्धा ही कथा जोडते. ती वीट शिर्डीत बाबांच्या उशाला असे आणि 1918 साली त्यांच्या देहावसानाच्या थोडेच आधी ती भंगली, असे साईभक्त सांगतात. इतिहाससंशोधक या कथेला दस्तऐवज मागेल, आणि तो त्याचा हक्कच आहे. माझे लक्ष वेधते ते निराळ्याच गोष्टीने: ज्याच्यासाठी अंगावर घाव घेतला, त्या शिष्याला या गुरूने आपल्यापाशी बांधून ठेवले नाही. सेवा कर, येथेच राहा, माझे नाव चालव, यांपैकी काहीही न मागता त्याने ‘जा’ असे सांगितले. आणि दिले काय, तर बाजारात जिचे मोल शून्य अशी, पण कोणता प्रसंग कोणी आपल्यासाठी सोसला याची आठवण नित्य उशाशी ठेवणारी एक वस्तू.

ही दृष्टी एका गावाची किंवा एका संप्रदायाची नव्हे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत वेदाध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतो, तो आपल्याकडील पदवीदान समारंभांतून इतक्या वेळा म्हटला जातो की त्याचा अर्थ कानांवरून वाहून जावा. खरे बोलावे, धर्माने वागावे, स्वाध्यायात कसूर करू नये, माता, पिता, आचार्य आणि अतिथी यांना देव मानावे, एवढे सर्वांना स्मरते. पण त्यापुढे आचार्य जे म्हणतो ते अधिक धैर्याचे आहे. आमच्या ज्या कृती चांगल्या असतील तेवढ्याच तू उचल, इतर उचलू नकोस, असे तो शिष्याला बजावतो. आयुष्यभर ज्याने आज्ञा केली, तो निरोपाच्या क्षणी आपल्या दोषांची पारख करण्याचा अधिकार शिष्याच्या हाती सोपवितो! आणि पुढे कर्तव्याविषयी संशय पडला तर काय करावे? माझ्याकडे धावत ये, असे तो सांगत नाही. तू जेथे असशील तेथील विचारी, निःस्वार्थी, मृदू स्वभावाची माणसे कशी वागतात ते पाहा आणि तसे वाग, असे सांगतो. नव्या गावी उतरणाऱ्या मुलाला याहून उपयुक्त सल्ला मला सुचत नाही. वसतिगृहात पहिल्या महिन्यात भोवती जमणारी मंडळी ही बहुधा सर्वांत बोलकी मंडळी असतात, सर्वांत विचारी नव्हेत. तेव्हा थोडे थांबावे, पाहावे आणि मग कुणाच्या पंक्तीस बसावयाचे ते ठरवावे.

शाळा मात्र निरोप देते तो दाखल्याच्या रूपाने. जनरल रजिस्टरचा क्रमांक, अंकी व अक्षरी जन्मतारीख, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण, शेरा, आणि खाली मुख्याध्यापकांच्या सहीवर जरा तिरका पडलेला शिक्का, असा तो कागद पालक घडी न पडेल अशा बेताने पिशवीत घालतो आणि त्याच दिवशी त्याच्या नकला काढून ठेवतो. ‘वर्तणूक’ या सदरापुढे बहुतेकांच्या नशिबी ‘चांगली’ हा एकच शब्द येतो, आणि कारणाच्या सदरात ‘उत्तीर्ण’ किंवा ‘पुढील शिक्षणासाठी’ असे लिहून कारकून मोकळा होतो. त्याचा यात काही अपराध नाही. पण हे कारणाचे सदर विद्यार्थ्याने स्वतःपुरते, कुणाला न दाखविता, एकदा प्रामाणिकपणे भरून पाहावे असे मला कळकळीने वाटते. मी जातो आहे तो कशासाठी? शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून, की एखादी विद्या मला खरोखर खुणावते म्हणून?

या सदराचे उत्तर ज्यांच्यापाशी तयार होते असे विद्यार्थीही होऊन गेले. 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाली, तेव्हा ती न जुमानल्यामुळे शेकडो विद्यार्थ्यांची नावे खारीज झाली. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही हीच ठिणगी पडली होती. नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आश्रय दिला आणि त्यांचे शिक्षण पुरे झाले. त्या तरुणांना शिक्षणसंस्था सोडण्याचे कारण कुणी विचारले असते तर उत्तरासाठी अडखळावे लागले नसते. प्रत्येक पिढीच्या वाट्याला असे प्रखर कारण येत नाही, येऊही नये. परंतु कारणच नसणे ही निराळी आणि चिंतेची गोष्ट आहे.

आता परीक्षेतील गुणांविषयी थोडेच सांगतो. छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला आणि चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून ताठ मानेने घरी परतला. त्याचा पिता उद्दालक त्याचे कौतुक करीत बसला नाही. जे कळल्याने न ऐकलेलेही ऐकल्यासारखे होते ते तू विचारलेस काय, एवढेच त्याने पुसले, आणि मुलाला ते ठाऊक नव्हते. मग मीठ पाण्यात टाकून, ते विरघळल्यावर वरून, मधून, तळातून चाखावयास लावून पित्याने त्याचे शिक्षण पुन्हा प्रारंभापासून सुरू केले. बारा वर्षांची विद्या पदरी असलेल्या तरुणाला नव्याने शिकावे लागले यात कमीपणा नव्हता. तो शिकावयास बसला, हीच त्याची थोरवी. ज्यांना शेकडा 90 पडले त्यांनी ही कथा वाचावी, आणि ज्यांना 45 पडले त्यांनी तर अवश्य वाचावी, कारण उद्दालकाचा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे.

आता जे जात नाहीत त्यांचे काय? सेलूच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानी हिशेब लिहिणारा, बापाच्या मागे शेत सांभाळणारा, गावातल्याच नूतन महाविद्यालयात नाव घालून सकाळची तासिका आणि दुपारचा रोजगार यांची सांगड घालणारा, हेही शाळा सोडूनच निघालेले असतात. दहावीनंतर जिचे नाव घरच्यांनी पुढे घातले नाही त्या मुलीला तर निरोपाची आज्ञा मिळालेलीच नसते; तिच्या शिक्षणाची वाट अडविली जाते आणि वर तिलाच मर्यादेचे पाठ दिले जातात. हा मला अधर्म वाटतो, आणि तसे स्पष्ट म्हणणे अवश्य आहे. शिष्याला ‘जा’ म्हणण्यात गुरूचे आणि मातापित्यांचे थोरपण आहे असे एकदा मानले, तर ती आज्ञा मुलाला द्यावयाची आणि मुलीला नाकारावयाची, याला कोणत्याही उपनिषदाचा आधार नाही.

आणि गुरुऋण? ते गुरूला फेडता येत नाही, कारण गुरू ते परत घ्यावयास बसलेला नसतो. आपल्या शास्त्रकारांनी ऋषिऋण अध्ययनाने आणि अध्यापनाने फिटते असे सांगितले, ते याचसाठी. म्हणून बाहेर गेलेल्याने सुटीत गावी आल्यावर शिक्षकांच्या पाया पडावे हे ठीकच. पण नववी-दहावीच्या दोन मुलांना गणित समजावून द्यावे, लातूर किंवा पुणे येथे प्रवेशासाठी धडपडणाऱ्या पाठच्या मुलाला अर्ज कसा करावयाचा, वसतिगृह कोठे मिळते, कोणती शिष्यवृत्ती कोणत्या मुदतीत मागावयाची हे सांगावे, यात फेड अधिक आहे. पुढे वैद्य, अभियंता किंवा अध्यापक झाल्यावर तालुक्याच्या गावी परतण्याचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने तो अपयशाची कबुली समजून दडपू नये. गावाबाहेर राहणे हे काही यशाचे लक्षण नव्हे. आणि मराठवाड्यातील तालुक्याच्या रुग्णालयांत व शाळांत शिकलेल्या माणसांची गरज आज संपलेली नाही.