जांभळा आणि नेरळे

आमच्या खासबागेत सकाळ उजाडायची ती हातमागांच्या खटखटाटानं. शेजारच्या कानडी विणकर काकांकडे आईनं एकदा जांभळ्या काठाची साडी सांगितली. "म्हंजे नेरळे," काका म्हणाले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. सीमाप्रश्नाची बोलणी नुकतीच कानांवर पडू लागलेली. ताडकन म्हणालो, "नेरळे नाही, जांभळा म्हणा!" आईनं डोळे वटारले. काका काही न बोलता मागाकडे वळले.

नेरळे म्हणजे कानडीत जांभूळच, हे मला फार उशिरा कळलं. दोन्ही भाषांनी एकाच झाडाकडे बघून रंगाला नाव दिलं होतं. मी भांडलो ते जांभळाशीच म्हणायचं! पिवळ्याची गंमत याहून मोठी. कानडीत हळदीला अरिशिन म्हणतात, पण पिवळ्या रंगाला हळदी. आपला तांबडा तांब्यावरून आला, गुलाबी फारसीतून. तो कुणी परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

मग मातृभाषेवरचं प्रेम कुठं संपतं आणि दुसऱ्याचं तोंड बंद करण्याची हौस कुठं सुरू होते? मुलांना आपले शब्द द्यायलाच हवेत, याविषयी मला आजही शंका नाही. घरात मी जांभळाच म्हणतो. त्या दिवशी मात्र मी एका भल्या माणसाला त्याच्याच मागावर गप्प केलं होतं.

काका आता नाहीत. साडी आहे, काठ विटलेला. परवा सुनेनं त्याचा मूळ रंग विचारला, तेव्हा दोन्ही नावं सांगितली.