पावती मंडळाच्या नावाने

१५ जानेवारी २०२६ला मुंबई महापालिकेचं मतदान झालं. आदल्या दिवशी संक्रांत होती. आचारसंहितेच्या काळात हळदीकुंकवाच्या वाणावर कुणाचा फोटो आहे, डबे कुणी आणले, याची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. उमेदवाराने मताच्या आशेने वस्तू वाटणं हा गुन्हा आहे. पण मला त्या डब्याच्या एक पायरी मागे जायचं आहे. डब्यांचे पैसे उमेदवाराला कुणी दिले, आणि का दिले? चाळीतल्या बाईने स्टीलचा डबा घेतला म्हणून तिला लाचखाऊ म्हणणारे आपण हा दुसरा प्रश्न फारसा विचारतच नाही.

सरकारी अधिकाऱ्यांबाबत कायदा बराच नेमका आहे. आयएएस अधिकाऱ्यांना लागू असलेल्या १९६८च्या वर्तणूक नियमांनुसार ५,००० रुपयांपेक्षा महाग भेट सरकारच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. लग्नकार्यात जवळच्या नातेवाइकांकडून आहेर घेता येतो, पण तो २५,०००च्या वर गेला की कळवावं लागतं. सहज झालेलं जेवण किंवा कुणी गाडीने सोडणं ही भेट मानली जात नाही. मात्र ज्याचं काम आपल्या टेबलावर आहे त्याच्याकडून वारंवार किंवा थाटाचा पाहुणचार घेऊ नये, असं नियमच सांगतो. मला यातला आकडा दुय्यम वाटतो. खरी मेख शेवटच्या अटीत आहे: देणाऱ्याचं तुमच्याकडे काही काम अडलं आहे का? नगरसेवक आणि आमदार यांना लाचलुचपतीचा कायदा लागू आहे, पण भेटींबाबत रोजच्या व्यवहारासाठी अशी रेघ कुणी आखून दिलेली नाही.

राजकीय देणग्यांबाबत अशी रेघ कुठे आखावी, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर १९५७ साली आला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी बदलाला परवानगी दिली, कारण तेव्हाच्या कायद्यात ती नाकारायला आधार नव्हता. पण निकालात त्यांनी स्पष्ट बजावलं की हा पैसा लोकशाहीचा गळा घोटण्यापर्यंत जाऊ शकतो, आणि संसदेने यात लक्ष घालावं. संसदेने १९६०मध्ये मर्यादा घातली, १९६९मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आणली, १९८५मध्ये दार पुन्हा उघडलं. २०१३च्या कंपनी कायद्यात नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. ती २०१७मध्ये काढून टाकली गेली आणि पुढच्या वर्षी देणाऱ्याचं नाव झाकणारे निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरवल्या. छागलांच्या इशाऱ्यानंतर तोवर ६७ वर्षं उलटली होती.

मर्यादा चेकवरच्या नावाला लावली की काय होतं, हेही याच शहराने पाहिलं आहे. १९८१मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाला बांधकाम व्यावसायिकांनी देणग्या दिल्या. सिमेंटचा तेव्हा तुटवडा होता, वाटप सरकारच्या हातात होतं. पैसे मुख्यमंत्र्यांच्या खिशात गेल्याचं कुणी म्हणत नव्हतं. ते विश्वस्त संस्थेकडे जात होते, रीतसर पावतीने, आणि हेतू कलावंत-साहित्यिकांना मदत करण्याचा सांगितला होता. तरीही जानेवारी १९८२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटचे परवाने यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुलेंना पायउतार व्हावं लागलं. पुढच्या फौजदारी खटल्याला अनेक वळणं मिळाली. त्यातलं एक आजही आठवण्याजोगं आहे: १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आमदार हा दंडविधानातल्या व्याख्येप्रमाणे लोकसेवकच नाही. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात व्याख्या रुंद झाली. पण लेंटिन यांनी पैशाचा मार्ग ज्या रीतीने तपासला, ती रीत नियम म्हणून कुठेच रुजली नाही.

आता परळ-लालबागच्या कुठल्याही मंडळाचा गणेशोत्सवाचा अहवाल उघडा. आतल्या पहिल्या काही पानांवर शुभेच्छांच्या जाहिराती असतात. पूर्ण पान विकासकाचं, अर्धं पान कंत्राटदाराचं, चौकटीत पेढीवाले नि केटरर. कमानीवरचे फलकही त्यांचेच. मंडळाचा अध्यक्ष किंवा सल्लागार बहुधा स्थानिक नगरसेवक, नाहीतर होऊ घातलेला. त्याच विकासकाची पुनर्विकासाची फाइल पालिकेत किंवा म्हाडात फिरत असते, त्याच कंत्राटदाराचं गटाराचं बिल एफ-दक्षिण कार्यालयात अडकलेलं असतं. देणगी मंडळाला, पावती मंडळाची, हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे. यात बेकायदा काही दाखवता येणार नाही. आणि तरी बिलावर सही कधी होईल, हे त्या पानाशी जोडलेलं आहे की नाही, हे वॉर्डातल्या एकाही नागरिकाला कळायची सोय नाही.

यावर मंडळांचे कार्यकर्ते जे म्हणतात ते मी हलक्याने घेत नाही. रक्तदान, पुस्तकपेढी, आजारी माणसाला डायलिसिससाठी मदत, ही कामं मंडळं खरोखर करतात. १८९३पासून गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक उत्सव चालू आहे तो लोकांच्या वर्गणीवर. चाळी पडल्या, माणसं डोंबिवली-विरारला गेली, दारोदारची वर्गणी आटली. मोठ्या देणग्या नाकारून मंडळाने चालायचं कसं? म्हणून सरसकट बंदी मला मान्य नाही. १९६९ची बंदी काय करून गेली ते दिसलंच; पैसा थांबला नाही, काळा झाला.

उपाय देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नात्यावर हवा. ज्याचं काम एखाद्या लोकप्रतिनिधीच्या मतावर, शिफारशीवर किंवा समितीवर अवलंबून आहे, त्याने काम निकालात निघेपर्यंत त्या लोकप्रतिनिधीला, त्याच्या पक्षाला किंवा तो चालवत असलेल्या मंडळाला, ट्रस्टला काहीही देऊ नये. बाकीच्यांनी खुशाल द्यावं, पण ठरावीक रकमेच्या वरच्या देणगीदारांची नावं विभाग कार्यालयाच्या फलकावर आणि पालिकेच्या संकेतस्थळावर लागावीत. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात नगरसेवकाला पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध ठेवायला मनाई आहे. हितसंबंध म्हणजे फक्त भागीदारी नव्हे, घेतलेली देणगीसुद्धा, एवढी दुरुस्ती विधिमंडळाला अवघड नाही.

निवडणूक कायद्यातलं एक भोकही बुजवायला हवं. १९७५पूर्वी, निवडणूक तोंडावर असताना आपण उभे राहणार असं दाखवू लागलेला माणूस तेव्हापासूनच उमेदवार धरला जाई. आणीबाणीतल्या दुरुस्तीने ती व्याख्या आखडली आणि उमेदवारी अर्ज भरेपर्यंतचा काळ मोकळा सुटला. अर्जाआधीच्या वर्षभरात कुणाकडून किती आलं आणि कुणाला किती वाटलं, याचा हिशेब आज उमेदवाराच्या निवडणूक खर्चात येत नाही. जुनी व्याख्या परत आणावी.

कायदा बदलेपर्यंत मंडळांना एक गोष्ट स्वतःहून करता येईल. येत्या भाद्रपदातल्या अहवालात प्रत्येक मोठ्या देणगीदाराच्या नावापुढे एक ओळ छापा: आपल्या वॉर्डात त्यांचं कोणतं काम पालिकेकडे किंवा म्हाडाकडे चालू आहे. देणगीदाराने ती माहिती द्यायला नकार दिला, तर त्याची देणगी परत करा.