वीतभर जागा

कोकणातल्या एका गावात जांभ्याच्या चिऱ्यांचे जुने घर होते. पडवी, ओटी, माजघर आणि मागे चुलीची अंधारी खोली. तिथे म्हातारी आई एकटी राहायची. मुलाने आणि सुनेने मुंबई सोडून गावी राहायला यायचे ठरवले.

मुलाने आधी भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. घर नव्यासारखे दिसू लागले. मग पाऊस लागला. चिऱ्यांत मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नाही. गणपतीपर्यंत गिलावा फुगला, दसऱ्याला त्याचे पोपडे पडू लागले.

तेव्हा एका तरुण आर्किटेक्ट मुलीला बोलावले. तिने तो गिलावा खरवडून काढला आणि चुन्याचा दिला. चुना ओल धरतो तसा सोडतोही. कौले उतरवली, तर खालच्या अंगाला मंगळूरच्या बासेल मिशनचा छाप निघाला. तो कारखाना 1865 सालचा. फुटकी तेवढी कौले बदलली, बाकीची घासूनपुसून पुन्हा चढवली.

सुनेला उजेडाचे, उभ्याने रांधायचे स्वयंपाकघर हवे होते. मागे मोठ्या काचेची, स्लॅबची खोली ठरली. मुलगा म्हणाला, "स्लॅब जुन्या भिंतीवरच टेकवू. एक भिंत वाचेल."

"नको दादा," मुलगी म्हणाली. "ही भिंत बसायची तेवढी कधीच बसली. नवा पाया अजून बसायचाय. बसताना तो हिला ओढेल, तडे जातील."

तिने नव्या खोलीचे खांब वेगळ्या पायावर उभे केले. मध्ये वीतभर जागा सोडली. वर पत्र्याचे झाकण लावले, तेही नव्या बाजूलाच अडकवलेले. मागच्या दाराशी फट ओलांडायला एक फळी टाकली.

गाव हसले. एका घराची दोन केली म्हणाले.

पुढच्या पावसात नवी खोली सूतभर खचली. फळी किंचित कलली, एवढेच. भिंतीला केसाएवढी चीर गेली नाही. सासूने चूल सोडली नाही, सुनेने गॅस सोडला नाही. फळीवरून भाकरी तिकडे जायची, चहा इकडे यायचा.

गोष्ट भिंतींची आहे. ऐकणाऱ्याला तिच्यात सासू-सून दिसली, तर सांगणाऱ्याची हरकत नाही.

वैशाखात म्हातारी पहिल्यांदा त्या स्लॅबवर चढली. चहूकडून ऊन पाहून खूश झाली आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "अगो, आमसुलांची टोपली वर आण. अंगणात कोंबड्या काही शिल्लक ठेवत नाहीत."