पूर्वपक्ष

यंत्रावरून मैत्रीत वाद घालणारी माणसे मला नेहमीच आपली वाटत आली आहेत. बांधावरून, वारशावरून किंवा निवडणुकीवरून जुंपणाऱ्या वादाच्या तळाशी बहुधा काहीतरी हिरावले जाण्याचे भय असते; यंत्राच्या वादाच्या तळाशी सहवास असतो. ऐपत ताणून घेतलेले, ज्याच्या लहरी सांभाळताना रात्री सरल्या, ज्याचा आवाज किंचित बदलला तरी झोपेतून जाग यावी असे यंत्र घरादाराचा भाग होऊन जाते, आणि त्याची बाजू मांडताना माणूस आपण कधीकाळी केलेल्या एका निवडीची, पर्यायाने आपल्याच सरलेल्या दिवसांची बाजू मांडत असतो.

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि करमाळा-माढ्याच्या काठाला अशा वादांसाठी नवी भूमी मिळाली. नदीकाठची काळी राने पाण्याखाली गेली होती; कुगाव, केत्तूर यांसारखी गावे उठून वर माळावर येऊन बसली होती; आणि ज्या पाण्याने रान नेले तेच पाणी उपसून माळाला पाजल्याखेरीज गत्यंतर नव्हते. वीज पोचेपर्यंत, आणि पोचल्यावरही ती गेली की, हे काम डिझेल इंजिनाचे. कोणाचे यंत्र सरस, हा प्रश्न मात्र या धरणाहून कितीतरी जुना. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकऱ्यांनी तो आधी नाकारला होता. पुढे सातारा रोडला धनजीशा कूपरांच्या कारखान्यातही नांगर घडू लागले. नांगरांमागून दोन्हीकडची इंजिने आली, आणि आजोबांनी ज्याचा नांगर धरला त्याचेच इंजिन नातवाने घ्यावे, अशा निष्ठाही काही घरांतून मी पाहिल्या आहेत.

ते इंजिन सुरू करणे हीच एक विद्या होती. एक हात हँडलवर, दुसरा वरच्या खटक्यावर. खटका दाबून सिलिंडरमधला दाब मोकळा ठेवायचा, जड चाकाला वेग देत जायचे आणि नेमक्या क्षणी खटका सोडायचा. इंजिन एकदा खोकते, थबकते, मग आपला ठेका धरते. क्षण चुकला तर हँडल उलटे येऊन मनगटावर बसते. ज्याला हे साधते त्याच्या अंगात त्या यंत्राची लय कायमची उतरते, आणि शेजारच्या रानातले दुसऱ्या बनावटीचे इंजिन वेगळ्या लयीत बोलू लागले की ती त्याला खटकते. मग सकाळी बांधावर गाठ पडते.

“तात्या, राती तुमचं इंजिन दोनदा दम खात हुतं. नोजल बघा जरा.”

“आबा, तुमी झोपलाच न्हाईसा व्हय? आमच्याच इंजिनाला कान लावून बसला?”

दोघेही हसतात, पण आबांचे निदान खरे निघते. टोमणा नेमका बसावा म्हणून त्यांनी रात्रभर दुसऱ्याचे इंजिन ऐकले होते, कदाचित त्याच्या मालकाहूनही अधिक लक्ष देऊन. या गोष्टीपाशी मी पुनःपुन्हा येऊन थांबतो. प्रतिपक्षाला अचूक चिमटा काढायचा तर आधी त्याला जाणावे लागते, आणि जाणता जाणता वैराला जागाच उरत नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्व जाणण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता समोरच्याचे फक्त मोडत राहणारी वितंडा. आपल्या शास्त्रग्रंथांनी तर सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष मांडण्याची रीतच घालून घेतली. विरोधकाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी सांगितल्याखेरीज त्याचे खंडन करण्याचा अधिकार मिळत नाही. मराठी मातीत हीच वृत्ती डफ-तुणतुणे घेऊन उभी राहिली. कलगीवाल्यांनी शक्ती श्रेष्ठ म्हणावे, तुरेवाल्यांनी शिव, आणि रात्रभर सवाल-जवाब रंगावेत. ज्याला समोरच्याचे पुराण पाठ नाही त्याला सवाल तरी कसा सुचावा?

ज्या पुण्यातून वाहत येऊन मुळा-मुठा भीमेला मिळते, त्याच पुण्यात ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक बनवत असे. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचा. त्याचा मूळ ब्रिटिश अवतार सिंक्लेअर स्पेक्ट्रम आणि अमेरिकेतला कमोडोर ६४, दोघेही १९८२ चे. या दोन यंत्रांच्या मालकांतला वाद ब्रिटनमधल्या शाळांच्या आवारांत वर्षानुवर्षे रंगला, आणि त्याची हकीकत वाचताना मला बांधावरचे आबा-तात्या आठवत राहतात. स्पेक्ट्रमवाला म्हणे, आमच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला पस्तीस लाख, तुमचे जेमतेम दहा लाख. कमोडोरवाला उत्तर देई, एकेका सूचनेला तुमच्या प्रोसेसरला ठोकेही जास्त लागतात. सावकाश फिरणाऱ्या जड चाकाच्या इंजिनाचा मालक मिनिटाला पंधराशे फेरे घेणाऱ्या इंजिनाबद्दल हेच सांगत असे : फेरे जास्त म्हणून पाणी जास्त, असे नाही.

कमोडोरमध्ये तीन स्वर एकदम काढणारी स्वतंत्र ध्वनिचिप होती. मूळ स्पेक्ट्रमपाशी एवढीशी पिपाणी. शिवाय स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग मावत, त्यामुळे चित्र हलले की रंग एकमेकांत घुसत. प्रतिपक्षाने हे व्यंग इतके चघळले की ते कोणालाच विसरता येईना, आणि ते विसरता न आल्यामुळेच कुशल प्रोग्रामरांनी त्यातून वाट काढली. १९८४ च्या ‘नाइट लोर’ या खेळात एकेक दालन एकाच रंगात रेखले होते, खोलीचा भास मात्र विलक्षण. मर्यादेशी झुंजत शैली घडते, हे आपल्याकडच्या छंदोबद्ध कवींना ठाऊकच होते. इथे ती मर्यादा सतत बोटाने दाखवायला प्रतिस्पर्धीही होता. कारागिराला असा शेजारी भाग्यानेच मिळतो.

स्पेक्ट्रमचे उत्पादन १९९२ मध्ये थांबले, कमोडोर कंपनी १९९४ मध्ये बुडाली, पण ते वाद आजही, केस पिकलेल्या माणसांत, तितक्याच आवेशाने चालतात. यंत्र गेल्यावर ही ओल कुठून येते? उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी पाण्यातले जवळजवळ ६४ टीएमसी हा मृतसाठा. पाणी त्याखाली गेले की वर्तमानपत्रे उजनी मायनसमध्ये गेल्याचे छापतात, पण काठावरची शेती उन्हाळाभर त्यावरच जगते. या वादांचेही तसेच असावे. व्यवहाराच्या हिशेबातून वजा झालेले जे काही आपल्यात खोल साठून असते, त्यावर आपल्या कितीतरी मैत्र्या तगून आहेत.

आता काठावर विजेच्या मोटारी आहेत. पाणी हटत जाते तशा त्या पुढे सरकवायच्या, पाइप आणि केबल वाढवायची, गाळातून चारी खणायची. या कामात मोटार कोणाची कुठल्या बनावटीची हे कोणी विचारत नाही, पण न्याहारीला बसले की वाद निघतोच. हल्ली तो ट्रॅक्टरचा असतो. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका बैठकीत उसाच्या दोन ट्रॉल्या ओढण्यावरून दोन तरुणांची जुंपली होती. त्यातला एक म्हणाला, “चढाला तुमचा ट्रॅक्टर पुढनं उचलत न्हाई, ह्ये खरंच. वजन बरुबर धरतो गडी. पर डिझेल किती पितो त्ये सांगा की दादा.”

दुसऱ्याने भाकरीचा घास हातातच धरला. “पितो,” तो म्हणाला, “आन् तुमचा कमी पितो, ह्येबी मानलं. आता चढाचं आदी मिटवू.”